भिंतीचा अध्याय

वसतिगृह, खोली २१४, होसकोटे
१३ जुलै २०२५

प्रिय आजी, सलाम.

हातानं लिहिलेलं पत्र बघून घाबरू नकोस. कुणाला काही झालेलं नाही. आमच्या कॉलेजनं तिसऱ्या वर्षाला एक जादा विषय लावलाय, त्याचा हा गृहपाठ आहे. घरातल्या वयानं मोठ्या माणसाला आपल्या भाषेत सहा पत्रं लिहायची आणि त्यांची उत्तरं मिळवायची. वीस मार्क. मला मराठी लिहिता येतं ते आजोबांनी सुट्टीत शिकवलं म्हणून, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ बघू नकोस.

विषयाचं नाव मानव्यविद्या, शिकवायला एक बाई आहेत. म्हणजे इतिहास, कथा-कविता, थोडं तत्त्वज्ञान, थोडं चित्रं बघणं. कॉलेज मिशनचं आहे, त्यामुळे ख्रिस्ती इंजिनिअरला नुसतं यंत्र कळून चालणार नाही असं त्यांचं म्हणणं. इथं सगळे वैतागलेत. जानेवारीत कंपन्या येणार, आणि आम्ही मेकॅनिकलची मुलं आठवड्याला सहा तास कविता वाचतोय. कवितेनं पूल उभा राहत नाही. हा विषय काढून टाका म्हणून एक अर्ज फिरतोय, त्यावर दीडशेच्या वर सह्या झाल्या. परवा चॅपलबाहेर एकजण म्हणाला, प्रभूनं सुतारकाम केलं, साहित्याचा वर्ग नाही घेतला. सगळे हसले.

तू कशी आहेस? गुडघा? ३१ तारखेच्या आत उत्तर मिळालं तर बरं.

तुझा,
रोशन


बनशंकरी, सातवा मजला
२१ जुलै २०२५

चिरंजीव रोशनला आजीचा सलाम, आणि पाठीत एक धपाटा.

तुझं पत्र पोचलं. होसकोट्याहून बनशंकरीला यायला त्याला सहा दिवस लागले. तू बसनं निघालास तर अडीच तासांत येशील. म्हणजे पत्र तुझ्याहून मठ्ठ आहे, पण निघतं तरी.

हे मी सांगते आहे आणि कल्लाप्पा लिहितो आहे. कल्लाप्पा म्हणजे आपल्या इमारतीच्या गेटवरचा, संकेश्वरकडचा. मराठी शाळेत सातवीपर्यंत गेलेला. अक्षर मोत्यासारखं आहे, असं तोच सांगतो. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, सगळी अक्षरं मुंग्यांसारखी पळतात, नाहीतर मीच लिहिलं असतं की. दुपारी दोन ते तीन गाड्या कमी असतात, तेव्हा मी लिफ्टनं खाली येते. तो मला आपली खुर्ची देतो आणि गेटच्या रजिस्टरावर कागद ठेवून उभ्यानं लिहितो. एका पत्राला तीन दुपारी लागतात. मी भडाभडा बोलते आणि तो म्हणतो, ‘अक्का, स्वल्प सावकाश.’ आत्ताही म्हणाला. हेही लिही म्हटलं.

घरचं ऐक. तुझा बाप दयानंद आठला जातो, तुझी आई कावेरी साडेआठला. संध्याकाळी आठला दोघं येतात आणि जेवून झालं की आपापल्या मोबाईलपुढं मान खाली घालून बसतात. एवढी मान त्यांनी कधी उपासनेत घातली नाही. मधले बारा तास मी आणि फ्रिज. त्यात फ्रिज जास्त बोलका. समोरच्या दारात पुण्याची मुग्धा राहते, कॉम्प्युटरवाली. गोड पोरगी. दिसली की ‘हाय आजी’ म्हणते आणि लिफ्टचं दार मिटतं. वर्ष झालं, आमची गोष्ट ‘हाय’च्या पुढं सरकलेली नाही.

आता तुझ्या पुलाचं. तुझे आजोबा सॅम्युअल मिस्त्री बेळगावात गवंडीकाम करायचे, ओळंबा लावताना गाणं म्हणायचे. मुकादम म्हणायचा, ‘मिस्त्री, गाण्यानं भिंत उभी राहते काय?’ हे म्हणायचे, ‘भिंत नाही राहत हो. मी राहतो.’

आणि चॅपलबाहेरच्या त्या शहाण्याला विचार, प्रभूनं सुतारकाम केलं ते खरं, पण त्याची एक खुर्ची तरी शिल्लक आहे का कुठं? गोष्टी सांगितल्या त्या मात्र अजून चालतायत. एक खिळा बदलावा लागलेला नाही.

तुझ्या पत्रात मार्क किती, सह्या किती, सगळं आहे. माझ्या गुडघ्याला एक शब्द आला. चालेल. गुडघाही एकच दुखतो.

फोनवर तू ‘हं, हं’ म्हणतोस. कागदावर ‘हं’ लिहून पाठवता येत नाही, म्हणून तुझ्या त्या बाईंना माझा सलाम सांग.

तुझी आजी,
जमनाबाई


वसतिगृह, होसकोटे
३ ऑगस्ट २०२५

प्रिय आजी,

खुर्चीचं वाक्य बाईंनी वर्गात इंग्रजीत सांगितलं. मुलं हसली, पण त्या शहाण्याकडे बघून. मला छान वाटलं. कुणाला सांगू नकोस.

तरी माझं मत बदललेलं नाही. या आठवड्याचा गृहपाठ ऐक. तुम्ही जे यंत्र बनवणार, ते जो माणूस वापरणार, त्याच्याजवळ तासभर बसायचं. यंत्राचा विषय काढायचा नाही. तो काय बोलला ते लिहायचं. आता यात शिकवण्यासारखं काय आहे? मी एका पानात उरकलं. माझ्या आजीजवळ बसलो होतो, तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, असं लिहिलं. बसलो नव्हतो, पण मोतीबिंदू तूच सांगितलास, म्हणजे खोटं नाही.

आणि तुझ्या मोतीबिंदूवर मी उपाय काढतोय. विचारू नकोस, गंमत आहे.

माझं चांगलं चाललंय. मित्र खूप आहेत. मेसचं जेवण बरं असतं.

रोशन


बनशंकरी
१८ ऑगस्ट २०२५

चिरंजीव रोशन, सलाम.

माझ्याजवळ न बसता तू माझ्याजवळ बसलास. मला कळलंसुद्धा नाही, असा हलका पोरगा. पुढच्या वेळी निदान चहा तरी माग.

एक बातमी आहे. शिवाजीनगरच्या हॉलमधली आपली मराठी उपासना बंद होणार. महिन्याच्या शेवटच्या रविवारी, तमिळ लोकांची संपली की आणि कन्नड लोकांची सुरू व्हायच्या आत, आपल्याला तासभर हॉल मिळतो, तू लहानपणी यायचास. वीस वर्षांपूर्वी आम्ही बेंगळुरूला आलो तेव्हा साठ माणसं असायची. आता नऊ. त्यातल्या एकाला ऐकू येत नाही, म्हणजे आठच धर. पाळकसाहेब बेळगावहून येतात, त्यांनाही प्रवास झेपत नाही. म्हणाले, २६ ऑक्टोबर शेवटची. आणि म्हणाले, त्या दिवशी शास्त्रपाठ जमनाबाईंनीच वाचायचा, इतकी वर्षं त्याच वाचतात.

माझे ठरलेले सात-आठ पाठ आहेत, तेच मी आलटून पालटून मागून घेते. ते माझ्या जिभेवर आहेत. या वेळी पाळकसाहेबांनी स्वतः निवडून दिला. भिंतीचा अध्याय! शत्रूनं पाडलेली शहराची भिंत लोकांनी परत बांधली, तर कुणी कुठला तुकडा बांधला त्याची यादी. गोष्ट नाही, उपदेश नाही. अमक्यानं दार बसवलं, कड्या-अडसर लावले. त्याच्या शेजारी तमक्यानं डागडुजी केली. त्याच्या शेजारी फलाण्यानं. आणि नावं कसली, एकेक नाव म्हणजे तोंडात चणे घेऊन शिंकल्यासारखं. तुझ्या आजोबांनी सगळं शास्त्र मला वाचून दाखवलं, हाच अध्याय कधी नाही. म्हणायचे, ‘दिवसभर भिंतच बांधतो, घरी तरी नको.’ आता कल्लाप्पानं मला थोडा वाचून दाखवला. ऐक, त्या भिंतीवर इंजिनेर एकसुद्धा नाही. सोनार आहे, अत्तरवाला आहे. एक बाप आहे, तो आपल्या मुली घेऊन आलाय. एकजण बिचारा, त्याला घर नव्हतं, खोलीच होती, तर त्यानं खोलीसमोरचा तुकडा बांधला. अत्तरवाल्याला मी उकिरड्याच्या दारापाशी ठेवलं असतं, पण मला कुणी विचारलं नाही.

आता मागणं. सप्टेंबर-ऑक्टोबरात तीन-चार शनिवार ये. माझ्या शेजारी बस आणि हा अध्याय मोठ्यानं वाच, एकेक नाव. दयानंद कन्नड शाळेतला, मराठी वाचताना खडे चावतो. कावेरीनं मोबाईलवर लावून दिला. पण तो वाचत सुटतो. थांब म्हटलं तर थांबत नाही, मी चुकले तर हसत नाही. तुझा वाचण्याचा आवाज तुझ्या आजोबांचा आहे. शेवटची उपासना आहे रे, नऊ माणसांपुढं उभं राहायचं आणि अडखळायचं, हे मला सोसायचं नाही.

एक विचारायचं राहिलं. मित्र खूप आहेत म्हणालास. या अध्यायात चाळीसएक नावं आहेत. तुझ्या दोन पत्रांत एक नाही.

आजी


वसतिगृह, होसकोटे
६ सप्टेंबर २०२५

प्रिय आजी,

शनिवारी येणं जमणार नाही. रागावू नकोस. २६ सप्टेंबरला आमच्या विभागाची स्पर्धा आहे आणि शनिवार-रविवार प्रयोगशाळा उघडी असते. आणि मी जे करतोय ते तुझ्यासाठीच आहे. आता सांगूनच टाकतो. पुस्तक खाली ठेवायचं, वर कॅमेरा, समोर पडदा. बटण फिरवलं की अक्षरं हवी तेवढी मोठी होतात. मोतीबिंदूत काळ्यावर पिवळं अक्षर बरं दिसतं, म्हणून तीही सोय केलीय. एक तयार झालंय, ते कुरिअरनं पाठवतो. स्पर्धेसाठी दुसरं करतोय. आई जोडून देईल. तुझा प्रश्न कायमचा सुटेल. वाचायला कुणाची वाट बघावी लागणार नाही.

नाव विचारलंस. तनय. नागपूरचा, माझा रूममेट होता. ऑगस्टमध्ये तो त्याच्या कंपूच्या खोलीत गेला. भांडण वगैरे काही नाही. २१४ मध्ये आता मी एकटाच. बरंच आहे, सोल्डरिंगचा वास कुणाला सोसावा लागत नाही. मेसमध्ये जरा उशिरा जातो, गर्दी नसते.

अर्जावर मी सही केली. सगळ्यांनी केली. अर्ज मुख्य कार्यालयात गेला.

रोशन


बनशंकरी
२० सप्टेंबर २०२५

चिरंजीव रोशन, सलाम.

तुझं यंत्र आलं. कावेरीनं रविवारी जोडून दिलं आणि भिंतीचा अध्याय त्याच्या खाली उघडून ठेवला. बटण फिरवलं तसं एक अक्षर वाढत वाढत बादलीएवढं झालं. त्याच्या शेपटाला टॉवेल वाळत घातला असता. दयानंद म्हणाला, पोरानं नाव काढलं. मीही म्हणाले. फार छान आहे, पिवळं तर हळदीसारखं दिसतं. दुपारी मी ते लावून बसते. खोलीत उजेड पडतो.

तू उशिरा जेवायला जातोस ते मला आवडलं नाही. गर्दी नसलेलं जेवण मी रोज जेवते. त्यात चव नसते, हे तुला अनुभवानं सांगते. त्या तनयला एकदा डबा दाखव. माझ्या हातची शेंगांची चटणी कल्लाप्पाकडून बांधून पाठवते आहे. चटणीला नाही म्हणणारा नागपूरकर अजून जन्मायचा आहे.

शनिवारचं राहू दे. यंत्र आहेच.

आजी

ता. क. रोशन, मी कल्लाप्पा. हे अक्कांना न सांगता लिहितो. त्या समोर बसून पेरू खातायत, त्यांना वाटतं मी पत्ता लिहितोय. अक्कांच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. रस्त्यापलीकडच्या झाडावरचा पोपट मला दाखवतात. त्यांना अक्षर येत नाही. कधीच येत नव्हतं. तुमच्या आजोबांनी सगळे पाठ तोंडी घालून दिले, पान कधी उलटायचं ते शेजारी बसून बोटानं दाखवलं, आणि हॉलमधले लोक समजतात बाई वाचतात. तुमच्या वडिलांना ठाऊक असेल, नसेल, घरात कुणी बोलत नाही. मी रोज दुपारी दोन-दोन ओळी म्हणून त्यांच्याकडून भिंतीचा अध्याय करून घेतोय. निम्मा झालाय. सोसायटीनं गेटला नवी एजन्सी नेमली, त्यांना साठीच्या आतली माणसं लागतात. ३० तारीख माझी शेवटची. मग संकेश्वर. निम्मा अध्याय राहतोय. पुढचं पत्र वाचून दाखवायलाही इथं कुणी नसेल. पत्ता खाली देतो. मी चुगली केली हे सांगू नका.


वसतिगृह, होसकोटे
२८ सप्टेंबर २०२५

प्रिय आजी,

पहिलं बक्षीस! तुझं पत्र अजून आलेलं नाही, वसतिगृहाच्या ऑफिसात कुठंतरी पडलं असेल, पण मला थांबवेना. तिन्ही परीक्षकांनी पिवळ्या अक्षरांचं कौतुक केलं. एकानं विचारलं, ही कल्पना कशी सुचली? मी तुझं सांगितलं.

मानव्यविद्येच्या बाई मागं उभ्या होत्या. सगळं झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, ‘आजींनी त्यावर पहिल्यांदा काय वाचलं?’ मी म्हणालो, भिंतीचा अध्याय. त्या म्हणाल्या, ‘त्यांना विचारलंत, की तुम्हाला वाटलं?’

एवढा मोठा हॉल, एवढी माणसं, आणि मला एकदम रिकाम्या मेसमध्ये बसल्यासारखं वाटलं.

आजी, पहिल्यांदा काय वाचलंस ते कळव. कल्लाप्पा मामांना सांग, लगेच लिहून टाकतील.

तुझा,
रोशन


बनशंकरी
२६ ऑक्टोबर २०२५, रविवार संध्याकाळ

कल्लाप्पास जमनाबाईचा सलाम.

हे मी सांगते आहे आणि रोशन लिहितो आहे. अक्षर तुझ्याहून वाईट आहे. पण बसून लिहितो, उभ्यानं नाही, त्यामुळे मला टाचा दुखल्याचं ऐकून घ्यावं लागत नाही.

तू गेलास आणि गेटवर नवा पोलिसासारखा गडी आला. कपडे कडक, मान मोबाईलमध्ये. पहिल्या दिवशी मी सवयीनं दोनला खाली गेले. त्याची खुर्ची त्यालाच लागते. मी परत वर आले. दुसऱ्या दिवशीही गेले. तिसऱ्या दिवशी नाही.

रोशनचं एक पत्र आलं होतं, ते शोकेसवर तसंच पडलं होतं. कावेरीला वाचायला सांगणार होते, पण ती दमून येते. शेवटी ज्यानं लिहिलं त्यानंच येऊन फोडलं आणि त्यानंच मला वाचून दाखवलं. एका ओळीपाशी आला आणि पाणी प्यायला उठला. ती ओळ त्यानं वाचली नाही. मी विचारलं नाही.

४ ऑक्टोबरला आला हा. शनिवारी, सकाळी दहाला, एकटा, पाठीवर पिशवी. यंत्राकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, ‘आजी, माझ्या बाईंनी गृहपाठ दिलाय, हा अध्याय मला तोंडपाठ करायचाय. मी दोन-दोन ओळी वाचतो, तू माझ्यामागं म्हण, म्हणजे माझ्या ध्यानात राहील.’ कल्लाप्पा, एवढं वाईट खोटं बोलणारा पोरगा इंजिनेर होऊन काय करणार? मी म्हटलं, ‘होय रे बाबा, तुझ्या मार्कांसाठी म्हणते.’ चार शनिवार आला. चार शनिवार माझ्या शेजारी बसला. मी चुकले की हसला. तो चुकला की मी जास्त हसले.

एकदम असा कसा आला, हे मी त्याला विचारलं नाही. तुला मात्र एक विचारते. त्या दिवशी मी अख्खा पेरू खाल्ला तरी तुझा पत्ता लिहून होत नव्हता. होसकोटे एवढं लांब आहे काय रे? चुगलखोर.

त्याचा तो विषय पुढच्या वर्षापासून बंद होणार. सह्या खूप झाल्या होत्या ना. हा आपलं नाव अर्जावरून काढायला गेला होता, तर ऑफिसातला म्हणाला, कागद वर गेला, आता नाव निघत नाही. सहा पत्रं हवी होती, याची चारच झाली, मार्क कमी मिळाले. मी म्हटलं, कल्लाप्पाला लिहितोस ते पाचवं धर. म्हणाला, ते तुझं पत्र आहे, माझं नाही. एवढं शिकला म्हणजे पुष्कळ शिकला.

आज उपासना झाली. मी निळं लुगडं नेसले होते. नऊच्या नऊ आले होते, ऐकू न येणारे सगळ्यांत आधी. मी पुढं उभी राहिले, पुस्तक उघडलं आणि अख्खा अध्याय वाचला. एक नाव चुकलं नाही. तू गेटवर शिकवलेला निम्मा भाग तर पाण्यासारखा गेला. एवढंच की तिथल्या एका नावानंतर तू जाऊन गाडीला गेट उघडायचास ना, तिथं मी अजून हॉर्नसाठी थांबते. पाळकसाहेबांना वाटलं, भक्तीनं थांबली.

मग खुर्च्या एकात एक रचल्या, आणि कन्नड लोक आत आले.

जानेवारीत रोशनला कंपनी कुठं नेईल ते ठाऊक नाही. चेन्नईचं बोलतायत. शनिवार आहेत तोवर आहेत. चटणीचा डबा त्या तनयनं रिकामा करून परत दिला म्हणे, धुऊन. नुसता डबा परत द्यायला आला आणि अर्धा तास खोलीत बसला.

शेताकडं जपून जा. उत्तर पाठव. इथं वाचणारा आहे, शनिवारी.

जमनाबाई

ता. क. कल्लाप्पा मामा, मी रोशन. आजी समोर सीताफळ खातेय, तिला सांगितलंय की मी पत्ता लिहितोय. ती दोनदा माझ्याकडे बघून हसली आहे, म्हणून लवकर उरकतो.

मी वाचली नाही ती ओळ बाईंच्या प्रश्नाची होती. उत्तर मला आता ठाऊक आहे. मी ते बाईंना जाऊन सांगितलं, तुमचं नाव घेतलं नाही. त्यांनी खुर्ची पुढं केली.

डोळ्यांचं आमच्यात अजून काही बोलणं झालेलं नाही. होणारही नाही. यंत्र ती दुपारी अजून लावते, उजेडासाठी.

आजचं मात्र तिनं तुम्हाला खरं सांगितलं नाही. तुमचा निम्मा भाग खरंच नीट गेला. माझा नाही. चार शनिवार कमी पडले. अत्तरवाले, मुली, उकिरड्याचं दार, सगळं झालं, आणि पुढं एका जागी ती थांबली. पुस्तक हातात होतं, पान बरोबर उलटलं होतं. सगळ्यांची बोटं आपापल्या पुस्तकात ओळीवर होती, तीही थांबली. मी तोंड उघडणार तेवढ्यात ती म्हणाली, ‘त्याच्या शेजारी सॅम्युअल मिस्त्रीनं डागडुजी केली.’ मग मंडळीतल्या गेलेल्या माणसांची नावं घेत गेली. त्याच्या शेजारी सगुणाक्कानं. त्याच्या शेजारी पोस्टातल्या येशूदासानं. एकेक दार, एकेक कडी लावून दिली प्रत्येकाला. त्याच्या शेजारी कल्लाप्पा गेटवाल्यानं, म्हणाली. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी आपलं पुस्तक मिटलं. मग एकेकानं मिटलं. कुणी आश्चर्यानं वर बघितलं नाही. मला वाटतं, त्या सगळ्यांना वीस वर्षं ठाऊक होतं.

मामा, मला वाटलं आता माझं नाव येणार. ‘त्याच्या शेजारी’ म्हणून ती पुन्हा थांबली आणि माझ्याकडे बघितलं. अध्यायातलं खरं नाव मला पाठ होतं, मी सांगितलं नाही. बाहेर कन्नड मंडळींच्या चपलांचा आवाज येत होता. ती म्हणाली, ‘त्याच्या शेजारी अजून जागा आहे.’

आणि पुस्तक मिटून, एकेक पाऊल टाकत, खाली आली.